मोंबासाच्या शाळेतली जागा

मी तोंडाळ बाई आहे. साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत कोणालाही विचारा, दातारांची अंबू म्हटलं की लोक आधी हसतील आणि मग घर दाखवतील. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझे वडील मला परकर नेसायच्या वयापासून सांगत आले, आणि ते खोटं नाही. पण ज्या एका दिवशी मी बोलायला हवं होतं, नेमकी त्या दिवशी माझी वाचा बसली. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आज सांगते. गोष्ट माझ्या भावजयीची आहे. कोणाला दया यायची असेल तर तिची यावी, माझी नको.

सुहासिनी माझ्या धाकट्या भावाची, अनंताची बायको. माहेर सांगलीचं, ताम्हनकरांची. तिचे वडील शरच्चंद्रपंत तिथे शाळामास्तर होते. त्यांनी मुलीला कॉलेजात घातलं. ती इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आणि वर कोल्हापुरास वर्षभर राहून बी.टी., म्हणजे शिक्षकाची परीक्षा, तीही पास झाली. मी मराठी चौथी शिकलेली, सोळाव्या वर्षी कपाळ पुसून माघारी आलेली, तेव्हापासून बापाच्या घरी चूल सांभाळणारी. अशी शिकलेली भावजय येणार म्हटल्यावर मी काय खूश होणार? मी म्हटलं, आता हिला भाकरी थापायला शिकवायचं कोणी, आणि ती आपल्याला इंग्रजीत शिव्या देणार त्या कळायच्या कशा. पण पोरगी आली आणि आठवड्याभरात मला 'वन्सं, वन्सं' करत माझ्या मागेमागे हिंडायला लागली. भाकरी तिला माझ्यापेक्षा बरी यायची. मला रागवायला जागाच ठेवली नाही.

लग्न बेचाळीसच्या वैशाखात झालं. आमच्याकडे पद्धत आहे, नवरीचं माहेरचं नाव बदलायचं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. अनंता ताटापुढे बसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्का, काय लिहू? तू सांग." मी म्हटलं, "सुहासिनी लिही." ते नाव मी फार वर्षं मनात धरून ठेवलं होतं. मला मुलगी झाली असती तर ठेवलं असतं. ती व्हायची नव्हती, म्हणून भावजयीला दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि तिचं विनोदिनी हे नाव त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही. उच्चारायचंच नसतं. तिच्या बी.ए.च्या आणि बी.टी.च्या कागदांवर मात्र विनोदिनी शरच्चंद्र ताम्हनकरच राहिली. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. बायकांचे कागद असतात कुठे लक्षात यायला?

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात अनंता विषमज्वरानं गेला. एकविसाव्या दिवशी ताप उतरेल म्हणाले होते, अठराव्यालाच संपलं. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. घरात आम्ही तिघं उरलो: वडील, मी आणि ती. वडील म्हणजे गंगाधरपंत दातार, दिवाणी कोर्टाचे पेन्शनर शिरस्तेदार. तीस वर्षं त्यांनी साक्षीदारांना शपथा दिल्या. घरात पाणी मागायचं तरी अर्ज केल्यासारखं बोलायचे. मुलगा गेल्यावर तेही बोलणं कमी झालं.

वर्षभरानं सुहासिनी गावातल्या एका मुलींच्या शाळेत लागली. वडिलांनी परवानगी दिली ती बी.ए., बी.टी. या अक्षरांना मान म्हणून. पण शाळेनं तिला दिलं काय, तर इंग्रजी पहिली. ए, बी, सी, डी. मॅट्रिकच्या मुलींना इंग्रजी शिकवायला एक पुरुष मास्तर होते, ते स्वतः इंटरला दोनदा आपटलेले. तिनं वरचा वर्ग मागितला तेव्हा तिला सांगण्यात आलं की, पालकांची हरकत आहे. वरच्या वर्गातल्या मुलींची लग्नं व्हायची असतात, त्यांच्यापुढे रोज सकाळी अशी बाई उभी नको. तिनं घरी येऊन मला हे सांगितलं ते धुणं पिळता पिळता. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मी जाते आणि त्या मास्तराची इंटर काढते बाहेर. तर ती म्हणाली, "नको वन्सं. तुम्ही भांडाल आणि मला पहिलीही मिळायची नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला जे येतं ते मला इथे कोणी करू देणार नाही. असंच म्हातारं व्हायचं." तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तिला वर्तमानपत्रात जाहिरात दिसली. आफ्रिकेत मोंबासा म्हणून बंदर आहे, तिथल्या हिंदी लोकांनी मुलींची शाळा काढलेली, तिला इंग्रजीची बाई हवी होती. बी.ए., बी.टी. असलेली, वरचे वर्ग शिकवणारी. तिनं अर्ज केला आणि मला सांगितलं, म्हणजे सगळ्या पेठेला सांगितलं असं समजा. दोन महिन्यांनी उत्तर आलं. नेमणूक केली आहे, जानेवारीत हजर व्हा, राहायला दोन खोल्या देऊ. पण अट अशी की तरुण बाईनं एकटीनं यायचं नाही, बरोबर नात्यातली वडीलधारी बाई आणायची. मी लगेच म्हटलं, "सांगलीची बनुमावशी आहे की तुझी." बनुमावशी तिच्या आईची बहीण, विधवा, मोकळी. सुहासिनी म्हणाली, "बघू." मी धरून चालले, बनुमावशीच.

वडिलांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दातारांची सून समुद्रापलीकडे पोटासाठी जाणार." ती म्हणाली, "पोटासाठी नाही मामंजी. पोट इथेही भरतं." त्यावर त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मी अडवणार नाही. पण माझी सही कशावर मागू नकोस." ते त्यांचं कायमचं. वाट अडवायची नाही, फक्त वाटेतून बाजूलाही व्हायचं नाही.

मग सुरू झाले कागद. सत्यनारायणाला लागत नाही इतकं साहित्य. पदवीचा दाखला, बी.टी.चा दाखला, शाळेत शिकवल्याचं पत्र, देवीची लस टोचल्याचा डॉक्टरचा दाखला, वागणूक चांगली असल्याचा पोलिसांचा दाखला, फोटो. हे सगळं जोडून पासपोर्टाचा अर्ज कलेक्टर कचेरीतून मुंबईला जायचा. पासपोर्ट आला की शाळा तिकडून उतरायचं परमिट पाठवणार. आणि परमिट हाती आलं की बोटीचं तिकीट. एक अडलं की पुढचं सगळं अडलं. शाळेचं पत्र स्पष्ट होतं: जानेवारीत बाई आल्या नाहीत तर जागा दुसरीला जाईल.

फोटो काढायला ती मला बरोबर घेऊन गेली. विधवा बाईनं फोटो काढायला जायचं म्हणजे मलाच घाम फुटला होता. फोटोवाल्यानं पडद्यापुढे स्टूल ठेवलं. तिचा काढून झाल्यावर ती म्हणाली, "वन्सं, लगेहात तुमचाही काढू." मी म्हटलं, माझं काय करायचंय, पंचांगावर छापणार का? पण बसले. आयुष्यात पहिल्यांदा. फोटोवाला म्हणाला हसू नका, आणि मी हसणार होते कशाला, पण त्यानं सांगितल्यावर हसूच यायला लागलं. ती पडद्याच्या कडेला उभी राहून माझा पदर नीट करत होती. घरी येताना मी विचारलं, माझे फोटो कुठे? ती म्हणाली, तयार झाले की आणते. नंतर मी विसरले.

पोलिसांचा माणूस घरी चौकशीला आला तो नानासो हवालदार, वाळव्याकडचा. बेचाळीसपासून आमच्या जिल्ह्यात भूमिगतांचा काय धुमाकूळ होता तो सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सरकार कोणालाही दाखला देताना दहादा हुंगून बघायचं. नानासो ओट्यावर बसला, टोपी मांडीवर ठेवली आणि मला म्हणाला, "आवं अंबूताई, तुमच्या वैनी त्या बेचाळीसच्या भानगडीत न्हवत्या न्हवं? कुनाला भाकरी घातली, कुनाला माळ्यावर दडवलं, आसं काय?" मी म्हटलं, "आमच्या माळ्यावर उंदरांना जागा नाही, माणूस कुठे दडवू?" तो हसला. म्हणाला, "तसं न्हाई वो, लिवावं लागतंय. बाई लय गुणाची हाय, मला ठावं हाय. पर वरचा साहेब इचारतोय." चहा घेऊन, लिहून गेला. ते काम झालं.

अडलं ते नावावर. कलेक्टर कचेरीतल्या कारकुनानं सगळे कागद पसरले आणि विचारलं, "बाई, अर्ज सुहासिनी अनंत दातारांचा. बी.ए. झालेल्या विनोदिनी शरच्चंद्र ताम्हनकर. या कोण?" ती म्हणाली, मीच. तो म्हणाला, "असं कसं? मुंबईचा साहेब गोरा आहे. त्याच्या देशात लग्नानंतर बायकांचं आडनाव बदलतं, पण नाव तेच राहतं. तो म्हणणार, दुसऱ्या बाईची पदवी घेऊन तिसरीच चालली." काही लेखी पुरावा आहे का, त्यानं विचारलं. काय पुरावा असणार? ताटातले तांदूळ त्याच दिवशी शिजवून खाल्ले होते.

शरच्चंद्रपंतांनी सांगलीहून प्रतिज्ञालेख करून पाठवला की माझी मुलगी विनोदिनी तीच ही सुहासिनी. त्यावर सांगली संस्थानचा शिक्का. कारकून म्हणाला, हा संस्थानी कागद, आम्ही खालसा, म्हणजे इंग्रजांच्या मुलुखातले. शिवाय मुलीचा बाप मुलीच्या बाजूनं बोलणारच. सासरचं, लग्नाला हजर असलेलं माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहून शपथेवर सांगेल तर अर्ज पुढे जाईल. आमच्या भटजींना जाऊन वर्ष झालं होतं. सासरचं माणूस म्हणजे वडील आणि मी. वडिलांनी आधीच हात झटकलेले.

तिनं मला विचारलं तेव्हा मी डाळ निवडत होते. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "येते की. नाव मीच तर ठेवलं." तिचा चेहरा इतका उजळला की मला भरून आलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी जायचं ठरलं. मधे आठ दिवस होते. ते आठ दिवस नसते तर बरं झालं असतं.

नळावर शेजारणी विचारायला लागल्या, "भावजय चालली, मग तुझं काय गं अंबू?" मी आधी उडवून लावलं. मग मी स्वतःलाच विचारायला लागले. ती आल्यापासूनची चार वर्षं मला माणूस होतं. संध्याकाळी वह्या तपासता तपासता ती मला गोष्टी सांगायची, इंग्रजीतल्या, मराठी करून. माझं डोकं दुखलं की तेल घालायची. अनंता गेल्यावर आम्ही दोघी एकाच खोलीत निजायचो, एकीला रडू आलं की दुसरीला कळायचं. आणि आता ही जाणार, तिथे बनुमावशीबरोबर दोन खोल्यांत राहणार, वरचे वर्ग शिकवणार, आणि मी इथे सोवळ्यात पाणी भरत राहणार. मला तिचा राग यायला लागला. हेवा वाटायला लागला, स्पष्टच सांगते. शनिवारी वडील जेवता जेवता म्हणाले, "सोमवारी जे खरं असेल तेच सांग. शपथ असते ती." मी हो म्हटलं. मग ते ताकाची वाटी तोंडाला लावून म्हणाले, "ती गेली की आपण दोघं. मी गेलो की तू एकटी. तेवढं ध्यानात ठेव." त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही. ते पाप माझं एकटीचं.

सोमवारी कचेरीत वडीलही आले. सही देणार नव्हते, पण घरची बाई कोर्टात एकटी जाणार नाही म्हणून आले आणि भिंतीशी बाकावर बसले. मॅजिस्ट्रेटसाहेब वयस्कर गृहस्थ होते, वडिलांना ओळखून नमस्कार केला. मला शपथ दिली. मग विचारलं, "या बाई तुमच्या कोण?" मी म्हटलं, भावजय. "नाव?" सुहासिनी. "लग्नाआधी यांचं नाव काय होतं?"

आणि मी म्हटलं, "मला ठाऊक नाही."

साहेबांनी मान वर केली. "विनोदिनी शरच्चंद्र ताम्हनकर म्हणतात त्या याच का?" मी म्हटलं, "आमच्या घरात आली तेव्हापासून ती सुहासिनी. आधीची कोण, मी काय सांगू?" माझा आवाज अगदी सरळ होता. मलाच नवल वाटलं. साहेबांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, माझी सही घेतली. सुहासिनी माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर मी सोसलं असतं. ती काळजीनं बघत होती. मला भोवळबिवळ आली की काय, असं तिला वाटलं होतं. बाहेर आल्यावर तिनं पहिलं काय केलं, तर मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले.

घरी आल्यावर तिनं एक शब्द विचारला नाही. पानं वाढली. वडिलांनी चित्राहुती घातल्या, पहिला घास घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव कोणी सुचवलं होतं गं त्या दिवशी?" मी भात कालवत राहिले. ते अर्धं पान टाकून उठले. त्यांनी पानात टाकलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. सुहासिनी खाली मान घालून जेवत होती आणि तिच्या ताकात डोळ्यांतलं पाणी पडत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिनं कागदांचं बोचकं माझ्या हातात दिलं. कचेरीनं अर्ज परत केला होता. ती म्हणाली, "वन्सं, हे माळ्यावर टाकून द्या. मला समोर नको." मी शिडी लावली, चढले, आणि वर बसूनच बोचकं सोडलं. मला इंग्रजी वाचता येत नाही. कागद नुसते चाळत होते, शिक्के बघत होते. पासपोर्टाचा अर्ज हाती आला, कोपऱ्यात टाचणीनं तिचा फोटो लावलेला. त्याच्याखाली दुसरा तसलाच अर्ज होता. त्याच्या कोपऱ्यात माझा फोटो होता.

हसू दाबलेली मी, डोक्यावर नीट केलेला पदर. दोन फोटो, एकावर एक टाचलेले. बाकी अर्ज भरलेला होता, तिच्या अक्षरात. फक्त सहीची जागा कोरी होती. मी माळ्यावरून खाली कशी उतरले मला आठवत नाही.

ती संध्याकाळी आली तेव्हा मी अर्ज घेऊन दारातच उभी होते. "हे काय?" मी विचारलं. तिनं पाहिलं आणि चप्पल काढली, पाय धुतले, मग म्हणाली, "शाळेनं नात्यातली बाई आणायला सांगितली होती ना. तुमचा अर्ज आहे."

"बनुमावशीचं काय?"

"बनुमावशी तुम्हीच म्हणालात. मी कुठे म्हटलं?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"वन्सं, तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळी नळावर कळलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मामंजींना. मला ते अडवू शकत नव्हते, मला नोकरी होती. तुम्हाला अडवलं असतं. माझा अर्ज पुढे गेला की मग सांगणार होते. तुमच्या नावाला काही अडचण नव्हती. तुमचा कुठला दाखलाच नाही." ती एवढं बोलली आणि उंबऱ्यावर बसली. "तिथे समुद्र आहे म्हणतात घरासमोर. म्हटलं तुम्हाला आवडेल."

मी तिथेच बसले आणि गळा काढून रडले. पेठेनं ऐकलं असेल तर ऐकू दे. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात लोक, मी तर दोघींच्या पाडला होता.

सकाळी मी कागदांचं बोचकं घेऊन एकटी कचेरीत जायला निघाले. वडील ओटीवर होते. कुठे चाललीस विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "खोटं बोललीस ते वाईटच. पण आता जाऊन कबूल करशील तर दातारांच्या मुलीनं शपथ मोडली हे कोर्टाच्या दप्तरात जाईल. खटलाही होऊ शकतो. झाकलेलं झाकून राहू दे." मी म्हटलं, "अप्पा, मला मुलगी असती तर तिचं नाव झाकून ठेवलं असतंत का?" त्यांनी तोंड फिरवलं. आयुष्यात मी त्यांना उलट बोलले ती हीच एक वेळ, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे मी सगळं सांगितलं. ताट, तांदूळ, अंगठी, अनंतानं मला विचारलेलं, मी सांगितलेलं नाव. विनोदिनी ताम्हनकर तीच ही, माझ्यासमोर नाव बदललं. "मग सोमवारी ठाऊक नाही का म्हणालात?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "ती जाऊ नये म्हणून." कचेरीत सगळे लिहायचे थांबले. साहेब फार रागावले. शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे, तुम्हाला आत टाकू शकतो, तुमच्या वडिलांकडे बघून सोडतो, असं बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी नवा जबाब लिहवून घेतला, माझी सही घेतली, आणि सुहासिनीच्या अर्जावर शेरा मारला की नाव बदलल्याची खात्री पटली. मी कंबरेला खोचलेला माझा अर्ज काढून पुढे केला. म्हटलं, साहेब, हाही. त्यावर सही मी सकाळीच केली होती, पाटीवर दहादा गिरवून.

त्यांनी तो वाचला. दोन्ही फोटो पाहिले, मला पाहिलं. त्यांचा राग गेला होता असं मला वाटलं, पण त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "बाई, या अर्जावर मला लिहून द्यावं लागतं की अर्जदाराची वागणूक चांगली आणि शब्द भरवशाचा आहे. परवा तुम्ही माझ्यापुढे शपथेवर खोटं बोललात. ते दप्तरात आहे. मी काय लिहू?"

मी म्हटलं, "खरं तेच लिहा." आणि अर्ज उचलला.

सुहासिनीनं खूप धडपड केली. पुन्हा अर्ज करू, वर लिहू, पुण्याला कोणाला तरी भेटू. मी म्हटलं, जानेवारी उजाडायला दिवस किती उरलेत ते बघ, माझ्यापायी तुझी जागा जायची. ती म्हणाली, "तुम्ही नाही तर मीही नाही." तेव्हा मात्र मी माझ्या जुन्या आवाजात तिला झापलं. म्हटलं, "एकदा मी तुझी वाट अडवली, आता पुन्हा मला अडवायला लावू नकोस. इथे बसून ए बी सी डी शिकवणार आहेस का जन्मभर, त्या नापास मास्तराच्या नाकाखाली?" ती रडली, पण ऐकलं. सांगलीला पत्र गेलं. बनुमावशीचा अर्ज दुसऱ्या मार्गानं, तिकडच्या संस्थानातून रेसिडेंटाकडे, म्हणजे संस्थानांवरच्या गोऱ्या साहेबाकडे, गेला आणि आश्चर्य म्हणजे लवकर झाला. बनुमावशीला कोणी कधी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिच्यावर दप्तरात एक अक्षर नव्हतं.

डिसेंबरात त्या निघाल्या. सातारा रोड स्टेशनवरून गाडी, तिथून मुंबई, मुंबईहून बोट. मी मोटारस्टँडपर्यंत गेले. वडील आले नाहीत, पण सकाळी त्यांनी सुनेच्या हातावर अनंताचं घड्याळ ठेवलं आणि देवघरात जाऊन बसले. स्टँडवर थंडी होती. टपावर ट्रंका चढत होत्या. सुहासिनी माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी का हो असं केलंत? मी विचारणार नव्हते, पण बोटीवर हेच डोक्यात राहील."

मी म्हटलं, "तू मला सोडून चालली आहेस असं वाटलं."

ती माझ्या गळ्यात पडली. रस्त्यात, सगळ्यांसमोर. ड्रायव्हरनं भोंगा दिला तेव्हा मीच तिला सोडवलं आणि दारात ढकललं. बनुमावशी आधीच आत जाऊन बसल्या होत्या, खिडकीशी, माझ्या जागेवर, आणि शेजारच्या माणसाला विचारत होत्या की तिकडून परत कधी येता येतं.